पोत्यात टाकलेले सहा पुठ्ठे

जुन्या बालपुस्तकांच्या प्रदर्शनाच्या क्युरेटरचा फोन आला तेव्हा मी तिसऱ्या पुस्तकाचे दोन्ही पुठ्ठे सोलून नुकतेच रद्दीच्या पोत्यात टाकले होते.

“मॅडम, नसरीनबाईंच्या पुस्तकांखाली ‘चित्रकार अज्ञात’ असं छापतोय. शनिवारी लेबलं छपाईला जातात.”

“अज्ञात कसा? चित्रकार त्यांचे वडील आहेत. बेगमपुऱ्यात राहतात. रोज सकाळी पेपर आणायला स्वतः चालत जातात.”

“मुलगी म्हणते म्हणून नाव नाही ना लावता येत. छापील पुरावा द्या, लगेच लावतो.”

माणूस उद्धट नव्हता. बोलला तेही चूक नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला.

मी जुनी पुस्तकं दुरुस्त करते. एका ग्रंथालयाच्या कॉन्झर्व्हेशन सेक्शनमधून रिटायर झाले आणि आता औरंगपुऱ्यातल्या एका खोलीत तेच काम करते. नसरीनआपा माझ्याकडे लहान मुलांची अकरा जुनी सचित्र पुस्तकं घेऊन आल्या होत्या. ही गोळा करायला त्यांना वीस वर्षं लागली. शाळांनी बाद केलेले गठ्ठे, रद्दीची दुकानं, काहीच सोडलं नाही. एकदा कन्नडच्या बाजारात शेंगदाणे घ्यायला गेल्या आणि शेंगदाणे विसरून पुस्तक घेऊन आल्या. या सगळ्या पुस्तकांतली चित्रं त्यांच्या अब्बांनी, म्हणजे हमीद मास्तरांनी, ड्रॉइंग टीचर असताना काढलेली. छापखाना कधीच बंद पडला. घरातल्या प्रती पाणी शिरून गेल्या. मास्तरांचं नाव फक्त कव्हरवर छापलेलं असायचं, आणि अकरापैकी एकाही पुस्तकाला कव्हर नव्हतं.

याचं कारण लायब्ररी बाइंडिंग. शाळेत पुस्तक आलं की बाइंडर त्याचं पातळ कव्हर काढायचा, पानं शिवायचा, दोन्हीकडून जाड पुठ्ठा आणि पाठीला कापड लावायचा. पुस्तक टिकायचं, पण तोंड जायचं. हे जुने पुठ्ठे आम्ही सर्वांत आधी काढतो, कारण त्यांतल्या आम्लानं पानं पिवळी पडतात. नोकरीत मी असे शेकडो पुठ्ठे फेकले असतील.

नसरीनआपांना फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “ताई, अब्बा शहाऐंशीचे झाले. उद्घाटनासाठी त्यांनी नवा कुर्ता शिवायला टाकलाय.”

मी फोन ठेवला आणि पुस्तकं पुन्हा उलटीपालटी केली. बहुतेकांच्या शेवटच्या पानावर एकाच बाइंडरची छोटी चिठ्ठी चिकटवलेली होती. गाव खुलताबाद. कव्हरांचं काय झालं ते त्यालाच विचारावं म्हणून दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आम्ही दोघी एसटीनं खुलताबादला गेलो.

बाइंडर उस्मानचाचा दुकानाच्या ओट्यावरच बसले होते. आता दुकानात मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो. पुस्तक हातात घेऊन त्यांनी पाठीवरून अंगठा फिरवला. “शिलाई माझीच हाय. बघा, अजून हलली नाय.”

“चाचा, पुस्तकांची कव्हरं काढून तुम्ही काय करायचात?” मी विचारलं.

“काय करणार? तवा पुठ्ठा मिळत नव्हता. मंग कव्हरंच खळ लावून एकावर एक चिकटवायची, वर दगड ठेवायचा. वाळलं की झाला पुठ्ठा.”

“म्हणजे कव्हरं पुठ्ठ्यातच आहेत?”

“व्हय. ह्याचं त्याला, त्याचं ह्याला. पर हायती समदी.”

तीन पुस्तकांचे सहा पुठ्ठे मी पोत्यात टाकले होते, आणि गुरुवार हा रद्दीवाल्याचा वार. मी खोलीवर फोन लावला. आमचे हे तिथंच बसून पेपर वाचत असतात.

“पोतं कुठंय?”

“त्याच्या गाडीवर. चाललाय तो.”

“थांबवा त्याला! चहा पाजा, काहीही करा, पण हलू देऊ नका.”

हे एसटीत कंडक्टर होते. माणसाला पुढं सरकवण्यात त्यांचा जन्म गेला, थांबवायची सवय नाही. पण त्या दिवशी त्यांनी गाडीच्या चाकापुढं खुर्ची टाकली आणि तिच्यावर बसून राहिले. आम्ही घाट उतरून पोचलो तेव्हा रद्दीवाल्याचा तिसरा चहा चालला होता.

शुक्रवारी सकाळी काम सुरू केलं. आधी ओल्या कापसाचा बोळा कोपऱ्यावर टेकवून शाई फुटते का ते पाहिलं. फुटली नाही. मग पहिला पुठ्ठा कोमट पाण्याच्या ट्रेमध्ये सोडला. मैद्याची खळ पाण्यात सुटते, फक्त घाई करायची नसते. तासाभरानं थर हलू लागले. पहिल्या पुठ्ठ्यात गणिताच्या पुस्तकांची कव्हरं निघाली. दुसऱ्यात, तिसऱ्यातही तेच. नसरीनआपा स्टुलावर बसून नुसत्या बघत होत्या.

चौथ्या पुठ्ठ्याचा वरचा थर सुटला आणि खालून लाल रंग दिसला. वाळवंट, उंट, उंटावर बसलेली मुलगी. मी ओला ब्रश हलकेच खाली नेला. तळाला बारीक अक्षरं होती : चित्रे – अ. हमीद.

नसरीनआपा रडायलाच लागल्या. मी ओरडले, “आपा, लांब सरका, कागद आधीच ओला आहे!” आणि मग मीही डोळे पुसले.

संध्याकाळपर्यंत त्या सहा पुठ्ठ्यांतून चार कव्हरं निघाली. चारहीवर नाव होतं. फोटो पाठवला, तर दोन मिनिटांत क्युरेटरचा फोन. “मॅडम, मोठं लेबल करू का?”

“करा,” मी म्हणाले. “आणि स्पेलिंग त्यांनाच विचारा.”

उद्घाटनाला हमीद मास्तर नवा कुर्ता घालून आले. लोकांनी त्यांच्याभोवती गर्दी केली, फोटो काढले. ते मात्र उंटाच्या कव्हरवरच्या काचेला नाक लावून उभे होते. शेवटी क्युरेटरला जवळ बोलावून म्हणाले, “बेटा, पेन्सिल आहे का? मागचा गुडघा चुकलाय.”

क्युरेटर चक्क काचेपुढं आडवा उभा राहिला.

उरलेल्या आठ पुस्तकांचे पुठ्ठे मी आता सावकाश सोडवते आहे. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी बाइंडरांना नावं ठेवली, पण एकाही बाइंडरला चार प्रश्न विचारले नाहीत. ज्याच्या कामाला आपण कचरा म्हणतो, तो माणूस हयात असेल तर फेकण्याआधी त्याला विचारून यावं. खुलताबादला एसटी दिवसभर असते.