पंचेचाळीस फेऱ्यांचं गाणं

दवाखान्यात तिला सगळे तोंडावर काकू आणि मागे कवळीबाई म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. बत्तीस वर्षं ती दुसऱ्यांचे दात करत होती. दातांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली, खोलीत एक ओटा, ओट्यावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, प्लॅस्टरचे जबडे आणि पॉलिशची मोटर, एवढं तिचं राज्य. पुढे डॉक्टर लोकांच्या तोंडाची मापं घ्यायचे, मागे ती त्या मापांवरून कवळ्या करायची. माणूस न बघता नुसता जबडा बघून ती सांगायची, हा हट्टी आहे, ही बाई झोपेत दात खाते, हे गृहस्थ घरात तोंड उघडत नसणार. बहुतेक वेळा ते खरं निघायचं. त्यामुळे एकंदर मनुष्यजातीबद्दल तिचं मत फारसं बरं नव्हतं.

आधीचे म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले आणि बारा वर्षांपूर्वी हे नवे आले. हात चांगला, हे ती मान्य करी. पण शौक! वय चाळीस, ज्याचा जन्म पंच्याऐंशीचा त्याला पंचाहत्तर सालाच्या आठवणीने गहिवरून यायचं. त्या काळातली विसरलेली फोक-रॉक गाणी, म्हणजे एक गिटार, एक ढोल, खांद्याला झोळी आणि जगाबद्दल तक्रार, ही ते जुन्या बाजारातून आणि दुसऱ्यांच्या ब्लॉगांवरून गोळा करायचे, स्वतःच्या ब्लॉगवर त्यांच्याबद्दल लांबलचक लिहायचे आणि दर शुक्रवारी पंधरा गाण्यांची मोट बांधून तिला मिक्स म्हणायचे. ते मिक्स दिवसभर दवाखान्यात वाजे. रुग्णाच्या तोंडात ड्रिल आणि कानात गिटार, बिचाऱ्याला दोन्हींपैकी कशालाच नको म्हणता यायचं नाही.

"काकू, ऐका हे," डॉक्टर दारात येऊन म्हणायचे. "काय खरी माणसं होती हो तेव्हा!"

"खोटीपण होती," काकू मान वर न करता म्हणायची. "त्यांच्या कवळ्या मीच करतेय ना."

अशाच एका शुक्रवारी ती एका निवृत्त हेडमास्तरांचे वरचे पुढचे दात मेणात रचत होती. भिंतीपलीकडून एक गाणं सुरू झालं. गिटार अशी, की दर सुराला बसायला पाट द्यावा लागावा. मग एक जाडाभरडा पुरुषी आवाज विहिरीच्या तळातून बोलल्यासारखा गाऊ लागला, "चप्पल हरवली माझी, वाट नाही हरवली..."

मास्तरांचा सुळा तिच्या हातून मेणात आडवा बसला.

हे शब्द जगात चारच माणसांचे होते. एकोणीस वर्षांची असताना ती दादाच्या सायकलवर मागे बसून तालमीला जात होती तेव्हा तिची एक चप्पल रस्त्यात पडली. परत फिरून शोधली तर मिळाली नाही, आणि पुढच्या चौकापर्यंत दादाने तिच्यावर गाणं रचलं. दादा म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ. गिटार त्याची, गाणारी ती, ढोल आणि बासरीला त्याचे दोन मित्र. त्यांनी एक छोटी तबकडी काढली होती. पण तबकडीवर गात होती ती स्वतः, आणि हा रेडा कोण?

दुसऱ्या कडव्यात गिटारची एक तार घसरली. दादाचीच चूक. तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला, कारण पॉलिशच्या मोटरीबरोबर तिचा बत्तीस वर्षांचा संसार होता. मोटर हळू फिरवली की हंबरते आणि वेगात फिरवली की शीळ घालते. डॉक्टरांनी मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी तेहतीसवर वाजवली होती. हा रेडा म्हणजे तीच होती.

ती खुसुखुसू हसणार होती, तेवढ्यात गाणं संपलं आणि त्यामागून एक घोगरा, लांब हुंदका आला. मग दुसरा. ते तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं. गाणं संपल्यावर मशीन बंद व्हायच्या आत दादा हसला होता आणि ते तसंच तबकडीत गेलं होतं; तेच आता संथ होऊन हुंदका झालं होतं. गाण्यानंतर सहा वर्षांनी काविळीने दादा गेला. तबकड्यांचा खोका डोळ्यांसमोर नको म्हणून आईने भंगारवाल्याला देऊन टाकला, आणि तिने स्वतःपुरती ठेवलेली एकुलती एक तबकडी एका मैत्रिणीने ऐकायला म्हणून नेली ती नेलीच. फोटोतला दादा गंभीर होता. तो हसायचा कसा, हे तिला गेली कित्येक वर्षं आठवत नव्हतं, आणि आठवत नाही हे तिने कुणाला सांगितलंही नव्हतं. ती आडव्या सुळ्याकडे बघत बसली आणि तिला रडू आलं.

दुपारी रिसेप्शनवरच्या मुलीला तिने डॉक्टरांचा ब्लॉग काढून दाखवायला लावला. गाणं तिथे महिन्यापूर्वीच चढलं होतं आणि डॉक्टरांनी लिहिलं होतं: 'हा अनामिक पुरुष कोण होता? त्याच्या मंद, थकलेल्या आवाजात एका पिढीचा पराभव आहे. चप्पल म्हणजे हरवलेलं मूळ. आणि शेवटचे ते दोन हुंदके! पहिला माणसाचा, दुसरा जणू त्याच्या सावलीचा.' खाली दोनशे प्रतिक्रिया. एक म्हणत होता, गायकाने नंतर आत्महत्या केली असावी. दुसरा म्हणत होता, छे, तो डोंगरात राहतो. एका बाईने हे गाणं ऐकून नोकरी सोडली होती. चप्पल डावी की उजवी यावरून दोघांचं भांडण जुंपलं होतं. सुतावरून स्वर्ग गाठणारी माणसं तिने पाहिली होती, इथे तर सूतही उलटं धरलेलं होतं. आवाज जितका जड तितका माणूस खोल, असं या मंडळींचं शास्त्र. वेग तपासावा असं दोनशे शहाण्यांपैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं.

"उचलली जीभ लावली टाळ्याला," ती म्हणाली. "हे फोनवर जलद करता येतं का गं?"

मुलीने वेग वाढवला. पण फोन पडला अतिशहाणा. गाणं जलद झालं तरी आवाजाची पट्टी त्याने जागची हलू दिली नाही, त्यामुळे त्याच रेड्याला गाडी चुकण्याची घाई झाल्यासारखं वाटलं. शेवटचे हुंदके लवकर उरकले, एवढंच. दादा काही हसला नाही.

आता मूळ तबकडीच हवी होती. आणि ती सोमवारी चालली होती. दूरच्या कुणा संग्राहकाला डॉक्टर ती देणार होते, बदल्यात तो आणखी दुर्मीळ काहीतरी रडगाणं पाठवणार होता. पार्सलचा पत्ता मुलीनेच लिहिला होता.

म्हणजे विचारायचं तर उद्याच. आणि तिथेच तिचं घोडं अडलं. बारा वर्षं ज्यांच्या गाण्यांना तोंडावर नावं ठेवली, त्यांच्यासमोर जाऊन, अहो, त्यातलंच एक माझं, असं म्हणायचं? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. जुन्या गोष्टी उगाळणाऱ्यांचा तिला मनापासून तिटकारा होता. घरी ती रात्रभर स्वतःवरच चिडली. एवढ्याशा हसण्यासाठी या माणसापुढे दाताच्या कण्या करायच्या! पण सकाळी केस विंचरताना तिने पुन्हा दादाचं हसू आठवून पाहिलं, आणि पुन्हा ते आलं नाही.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत ती डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली. रेकॉर्ड प्लेअर कपाटावर होता, तबकडी शेजारी, मऊ कापडात.

"डॉक्टर, ती चपलेची तबकडी जरा लावा."

डॉक्टरांचे डोळे चमकले. "काकू! तुम्हालाही आवडलं?"

"आवडायचं काय त्यात? तुम्ही चुकीच्या वेगाने वाजवताय. पंचेचाळीसवर ठेवा."

डॉक्टर समजूतदारपणे हसले. रुग्ण जेव्हा सांगतो की दुखरा दात तो नव्हेच, तेव्हा ते असेच हसत. "अहो, छोट्या तबकड्यासुद्धा तेहतीसच्या असतात. माझ्याकडे आठ-दहा आहेत. आणि यावर आकडा कुठे लिहिलाय?"

"आकड्याच्या जागी फूल काढलंय. माझ्या भावाने. जागा पुरत नव्हती, तर म्हणाला, आकडा कोण बघतो, फूल सगळे बघतील."

डॉक्टरांनी लेबल पाहिलं. फूल होतं, पाच पाकळ्यांचं, एक पाकळी जरा मोठी.

"तो पुरुष..." ते म्हणाले.

"तो पुरुष मी आहे. लावा आता."

खटका पुढे सरकला, सुई टेकली. आणि केबिनमध्ये एक किनरी, उतावळी पोरगी गाऊ लागली. गिटार टणाटण उड्या मारत होती, बासरी मागून धावत होती, आणि पोरगी चप्पल हरवल्याची बातमी सगळ्या गल्लीला आनंदाने देत सुटली होती. अंतऱ्यात ती चक्क बेसूर झाली. काकूने तोंड वाकडं केलं. गाणं सुमार होतं. एका पिढीचा पराभव वगैरे सोडाच, त्यात साधी उदासीसुद्धा नव्हती.

डॉक्टरांचा चेहरा भूल चढलेल्या गालासारखा ओघळला.

मग शेवटचा सूर, आणि त्यामागून दादा हसला. तोंड मिटून हसू दाबायचा प्रयत्न, तो फसणं, आणि नाकातून फुटलेला एक फुर्रकन आवाज. जेमतेम दीड सेकंद. अगदी तसाच. इतकं सोपं हसू ती विसरलीच कशी, याचा तिला राग आला. तिने खुर्ची घट्ट धरली.

"पुन्हा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पुन्हा लावलं. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी मुलगीही दारात येऊन उभी राहिली, आणि काकूने स्वतःचा फोन पुढे करून तिला शेवटचा तुकडा त्यावर घ्यायला लावला.

डॉक्टर बराच वेळ कापडाची घडी घालत होते. "काकू, हे छान आहे. निरागस आहे. पण त्या दुसऱ्या वेगात काहीतरी... वेगळी खोली येते, नाही?"

"येते ना. विहिरीत दगड टाकला तरी येते."

"नाही, म्हणजे, माझा लेख तीन भाषांत गेलाय. लोकांच्या भावना गुंतल्यात." ते घुटमळले. "तुमचं नाव घालायला हवं, खरं तर. पण मग सगळंच..."

कोणी एवढं स्वच्छ भित्रं असू शकतं, याचं तिला जवळजवळ कौतुक वाटलं. बारा वर्षं खऱ्या माणसांसाठी उसासे टाकले, आणि त्यांतलं एक खरं माणूस मागच्या खोलीतून उठून समोर आलं, तर याला ते अडचणीचं झालं. दुखलं तिला. इतकं दुखेल असं वाटलं नव्हतं, कारण नाव लागावं अशी एक लहानशी इच्छा काल दुपारपासून तिच्याही मनात बसलेली होती.

"राहू द्या तो पुरुष," ती म्हणाली. "त्याला डोंगरात पाठवा, नाहीतर मारून टाका. मला हवं होतं ते मिळालं."

सोमवारी तबकडी गेली. पार्सलमध्ये डॉक्टरांनी सुबक अक्षरात चिठ्ठी घातली: 'वेग तेहतीस.'

पुढच्या शुक्रवारी मिक्समध्ये ते गाणं पुन्हा वाजलं, लोकाग्रहास्तव. बाहेर बाकावर बसलेले एक गृहस्थ डोळे मिटून मान हलवत होते. हुंदके आले तसा त्यांनी रुमाल काढला. मागच्या खोलीत काकू हेडमास्तरांची कवळी घासत होती, सुळा सरळ करून. ओट्यावर फोन होता आणि त्यात दीड सेकंदाचं ते हसू ती सकाळपासून अकराव्यांदा ऐकत होती. जुनं उगाळणाऱ्यांना तिने आयुष्यभर हसून घेतलं होतं. हसेल त्याचे दात दिसतील म्हणतात, तसे आता तिचे दिसले.

मुलगी चहा घेऊन आली आणि ऐकत उभी राहिली.

"काकू, हे पहिलं हसणं तुमच्या दादाचं. पण त्याच्या मागोमाग आणखी कुणीतरी हसतंय बघा. बारीक. कोण ते?"

काकूने तुकडा परत लावला. आजवर ती दादालाच ऐकत आली होती. फुर्रकन आवाजाच्या लगेच मागे एक पोरगी खदखदून हसत होती, काही मागेपुढे न बघता. दवाखान्यात बत्तीस वर्षांत असं हसणं कुणी ऐकलेलं नव्हतं.

"होती एक," ती म्हणाली. "बेसूर होती."

आणि तिने मोटर चालू केली.