उशीला लागलेलं औषध

केस गळायला लागले तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. एकतिसाव्या वर्षी कपाळ सरकत सरकत डोक्याच्या मध्यापर्यंत पोचलं. देवबागहून कुडाळला मी रोज मोटारसायकलने कारखान्यात कामाला जायचो आणि हेल्मेट काढलं की लगेच टोपी घालायचो. वेंगुर्ल्याच्या एका स्थळाला घर पसंत पडलं होतं, नोकरीही. मध्यस्थाने फोनवर सांगितलं, "मुलाचं वय जरा जास्त वाटतंय म्हणतात." मी वय खरं तेच सांगितलं होतं.

घरात बाबा आणि मी दोघेच. बाबांचं सगळं आयुष्य होडीवर गेलं. आई गेली, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांची डावी बाजू लुळी पडली. जीभही जड झाली. समोरच्याला दोनदा विचारावं लागतं याची त्यांना लाज वाटायची, म्हणून माणसांशी बोलणं त्यांनी जवळजवळ सोडलं. बोलायचे ते मांजरीशी. ते होडीवर जायचे तेव्हा किनाऱ्यावरून त्यांच्या मागे मागे घरी आलेली ती करड्या रंगाची मांजरी दिवसभर पडवीत त्यांच्याजवळ असायची. उजव्या हाताने बांगड्याचे काटे काढून ते तिला भरवायचे.

त्या स्थळाच्या नकारानंतर मी कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी नीट तपासलं. हृदयाचा त्रास आहे का, रक्तदाब आहे का, सगळं विचारलं आणि डोक्याला लावायचं औषध लिहून दिलं. "दिवसातून दोनदा लावा. सुरुवातीला केस उलट जास्त गळतील, घाबरू नका. छातीत धडधडलं, चक्कर आली तर थांबवा आणि लगेच या. बंद केलंत तर आलेले केसही जातील." घरात जनावर आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. मलाही सांगायचं सुचलं नाही.

पहिल्या महिन्यात खरंच मूठमूठ केस गेले. चौथ्या महिन्यात लव दिसायला लागली. मी रोज आरशासमोर उभा राहून बोटाने ती चाचपायचो. खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत मी खूश होतो. टोपी घालायची सोडून दिली.

बाबांना उठायला-बसायला हात लागायचा, म्हणून मी पडवीतच त्यांच्या खाटेशेजारी झोपायचो. जेवण झालं की औषध लावायचं आणि आडवं व्हायचं. ते उशीला लागायचं, अभ्र्यावर पिवळट डाग पडले होते. दिवसा मी कामावर गेलो की बाबांकडे शेजारची काकी लक्ष ठेवायची, आणि मांजरी त्याच उशीवर झोपायची. सकाळी कधी कधी माझं डोकं चाटायची. बाबा हसून म्हणायचे, "तुका आपला पिल्लू समाजता ता."

एका सोमवारी तिने खाल्लं नाही. मंगळवारी सकाळी ती कोपऱ्यात पडून होती, पोट भात्यासारखं हलत होतं. मी तिला टॉवेलात गुंडाळून कुडाळला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावली, हिरड्या पाहिल्या. मग माझ्या डोक्याकडे बघून विचारलं, "केसांसाठी काही लावता का?"

मी औषधाचं नाव सांगितलं.

"हे मांजरांना चालत नाही हो. थोडं पोटात गेलं तरी त्यांच्या हृदयावर जातं, छातीत पाणी होतं. यावर उतारा नाही. प्रयत्न करतो."

त्यांनी इंजेक्शनं दिली, नळीने ऑक्सिजन दिला. दुपारी बाराच्या सुमाराला ती गेली.

येताना रस्ताभर मी ठरवत होतो, बाबांना काय सांगायचं. घरी आल्यावर म्हणालो, "छातीत कफ झालेलो." त्यांनी मान हलवली. परसात माडाच्या मुळाशी खड्डा काढला तेव्हा ते मागच्या दारात खुर्चीवर बसून होते.

तिथेच ते संपलं असतं. पण बाबा दिवसभर एकच वाक्य जुळवत बसायचे. "रविवारचो बांगडो खराब होतो. माझ्याच हातान दिलंय." मी नाही म्हणायचो, तरी दुसऱ्या दिवशी तेच. आठव्या दिवशी त्यांनी ताटातला मासा बाजूला सारला, तेव्हा मला राहवलं नाही. उशीचं, चाटण्याचं, डॉक्टर काय म्हणाले ते, सगळं सांगून टाकलं.

त्यांनी विचारलं, "तुका म्हायत होता?"

"नाय, बाबा. औषधाच्या कागदातव नाय होता."

"मगे जेव," ते म्हणाले. स्वतः मात्र जेवले नाहीत.

औषध मी मांजरी गेली त्याच दिवशी बंद केलं होतं. डॉक्टरीणबाईंकडे पुढची तारीख होती, म्हणून गेलो. त्यांनी डोकं पाहिलं आणि समाधानाने विचारलं, "फरक चांगला आहे. तुम्ही समाधानी आहात ना?" मी हो म्हणालो. केसांपुरतं ते खरंच होतं. मग मांजरीचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मला विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "यापुढे प्रत्येकाला विचारीन." मी त्यांना दोष दिला नाही. पण बरंही वाटलं नाही.

आलेले केस तीन-चार महिन्यांत गेले. एका संध्याकाळी बाबांची दाढी करत होतो, तेव्हा ते माझ्या डोक्याकडे बघत म्हणाले, "लाव रे ता औषध परत. घरात आता मांजर नाय."

त्यात टोमणा नव्हता. माझं लग्न व्हावं एवढंच त्यांच्या मनात होतं. मला वस्तरा बाजूला ठेवावा लागला.

शेजारच्या काकीने मध्यंतरी एक पिल्लू आणलं होतं. बाबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि ते परत पाठवलं. हल्ली ते फारसं बोलतच नाहीत. कामावरून आलो की मी त्यांच्यासमोर बसून मासे साफ करतो, कारखान्यातलं, रस्त्यावरचं काहीबाही सांगत राहतो. ते ऐकतात. एखादं वाक्य बोलले आणि ते मला कळलं नाही, तर पुन्हा म्हणत नाहीत.