दाजींचा डावा कान

आमच्या दाजींचा डावा कान बिबट्यानं नेला, एवढंच मी आजवर सांगत आलो. ते खरंच आहे, फक्त त्यात माझं नाव गाळलेलं आहे. इतकी वर्षं टाळलं. आता सांगून टाकतो.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. शिरूर तालुक्यात भीमेकाठी आक्काचं सासर. तिचे मालक, म्हणजे दाजी, वाडवडलांची मेंढरं विकून उसात रमलेला सरळ माणूस. मी यवतचा, कंपनीत फिटर. (म्हणजे दोन्ही घरांतला एकमेव शास्त्रज्ञ!)

एकदा मी तिकडे मुक्कामाला असताना दाजी तिन्हीसांजेला पाण्याची मोटार चालू करून धापा टाकत आले.

"पाव्हणं, उसात दोन हिरवं दिवं हायेत! बॅटरी मारली की पेटत्यात. आवाज न्हाई. बिबट्या तर नसंल?"

"बिबट्या? इथं?" मी म्हणालो. "तो तिकडं जुन्नरच्या डोंगरात, दाजी! हे परग्रहावरचे पाव्हणे. तबकडीतून उतरलेत."

"व्हय?"

मग कुठल्याशा मासिकात वाचलेलं मी गंभीर चेहऱ्यानं ऐकवलं. पळायचं नाही. ओरडायचं नाही. बॅटरी विझवून खाली बसायचं, हात जोडायचे. (बिबट्यासमोर जे जे करू नये, ते ते सगळं!)

चुलीपाशी बसलेल्या आक्कानं विचारलं, "मग च्या टाकू का? किती जणं हायेत?"

"दोन दिवं, म्हंजी दोघं," दाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाजी मोटारीकडे निघाले ते धुतलेला सदरा आणि नवी टोपी घालून. तेव्हाच मस्करी आवरायला हवी होती. पण आक्कानं पाव्हण्यांचा चहा आधी मला दिला होता आणि तो गरम होता!

उसातून एकही हाक आली नाही. (ओरडायचं नाही, हे मीच शिकवलेलं!) दाजी स्वतःच्या पायांनी परत आले. टोपी कानाशी दाबलेली. ती आता पांढरी नव्हती. आणि टोपीखाली कानही नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कुणी केलं हे?"

"पाव्हण्यांनी."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. आक्काही.

नंतर उसात पंज्यांचे ठसे सापडले. गावानं दाजींचं नाव 'तबकडी' पाडलं, पोरं मागून हाका मारत. हे खूळ डोक्यात कुणी भरवलं, ते दाजींनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. डाव्या बाजूचं ऐकणंही कायमचं गेलं.

त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेलो, बाजेवर शेजारी बसलो आणि एका दमात म्हणून टाकलं, "दाजी, चुकलो मी. माफ करा."

त्यांनी सावकाश मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला. "काय म्हणालात, पाव्हणं?"

मी डाव्या बाजूला बसलो होतो. नेहमीसारखाच.

"म्हटलं, उसाला पाणी दिलं का?"