दादांच्या उरलेल्या सह्या

कारखाना बंद झाला त्या दिवशी फाटकाला कुलूप लावलं कोणी? तर दरवानाने. आणि रस्त्यावर उभं कोण? त्याचाच सख्खा थोरला भाऊ, अन् त्याच्यामागे सगळी पाळी. लोक आईमाईचा उद्धार करत होते, आणि हा गडी आपलं काम करत होता. कुलूप लावून झालं तरी समाधान नाही. सवयीप्रमाणे त्याने ते दोन्ही हातांनी हिसडून पाहिलं.

"पक्कं लागलंय रे बाबा, पक्कं!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. "आमच्या पोटावर एवढं पक्कं मारलंस, आता आणखी काय बघतोस?"

त्या दिवसापासून त्याचं नाव कुलूपभाऊ पडलं. गंमत अशी, की फाटक बंद झाल्याबरोबर दरवानही बेकारच झाला. पण ते लोकांच्या ध्यानात यायला बरेच दिवस लागले, आणि त्याच्या स्वतःच्या ध्यानात तर त्याहून उशिरा. महिनाभर तो शिट्टी गळ्यात अडकवून फाटकाशी जाऊन उभा राहायचा. भटकी कुत्री तेवढी त्याला ओळखत होती.

थोरला भाऊ, ज्याला सगळे दादा म्हणायचे, तो वेगळ्या मातीचा. कारखान्याच्या मागे मालाची रिकामी खोली होती, तिथे त्याने बेकारांसाठी खानावळ काढली. संस्था रीतसर नोंदवली, बँकेत खातं उघडलं. कोणी पावभट्टीवाला, कोणी दूरदेशी गेलेला जुना कामगार, खात्यात काही ना काही टाकायचे. रोज दुपारी पाव आणि कढण. चुलीपाशी दादांची बायको, म्हणजे कुलूपभाऊची वहिनी. तिच्या हातातल्या पळीला अख्खी रांग घाबरायची.

"खजिनदार कोण?" पहिल्या बैठकीत प्रश्न निघाला.

"माझा धाकटा," दादा म्हणाले. "ज्याने सख्ख्या भावाला बाहेर ठेवून कुलूप लावलं, तो तुमच्या पैशाला हात लावील होय?"

लोक हसले. कुलूपभाऊला मात्र ते आयुष्यातलं सर्वांत मोठं सर्टिफिकेट वाटलं.

खानावळीत आठवड्यातून एकदा रोजगार कचेरीचा कारकून यायचा. त्याला आकडेवाला म्हणायचे. कचेरीत नोंदणी नवी करायला कोणी जात नव्हतं; चालत गेलं तर चप्पल झिजते, बसने गेलं तर तिकीट लागतं. म्हणून साहेबांनीच त्याला रांगेवर पाठवला. वाडगं पुढे करायचं, नाव सांगायचं, नोंद झाली. गावातली बेकारी कढणाच्या पातेल्यापाशी मोजली जायची.

पुढे दादांच्या फुफ्फुसात कारखान्याची धूळ बोलायला लागली. चेकवर अध्यक्ष आणि खजिनदार दोघांच्या सह्या लागत. दादांनी दवाखान्यात पडल्या पडल्या चेकबुकं मागवली आणि पानामागून पान सही करून ठेवली. हात थरथरला की थांबायचे, खोकायचे, पुन्हा सुरू. "माझ्यामागे चूल थंड पडायला नको," म्हणाले. आणि गेले.

त्यांच्या जागी दुसरा अध्यक्ष नेमायचा विषयच कोणी काढला नाही. दादांची खुर्ची तशीच भिंतीशी ठेवलेली. तिच्यावर कोणी टेकलं तर वहिनीची पळी पाठीत बसायची. लागतील तशी दादांची पानं कुलूपभाऊ फाडायचा, खाली आपली सही करायचा आणि बँकेत द्यायचा. एक पैसा इकडचा तिकडे नाही.

मग बँकेने सगळ्या संस्थांना बोलावणं धाडलं: खातेदारांनी स्वतः येऊन ओळख पटवावी. कुलूपभाऊ दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेला. काउंटरमागे नव्या मॅनेजर मॅडम.

"अध्यक्ष कुठे आहेत?"

"वारले, मॅडम."

"अरेरे. कधी?"

"झाली की वर्षं."

मॅडमनी स्क्रीनकडे पाहिलं. "पण गेल्या महिन्यात त्यांच्या सहीचा चेक वटलाय."

"हो ना," कुलूपभाऊचा चेहरा फुलला. "सही त्यांचीच आहे. अजून पानं आहेत आमच्याकडे. दाखवू?"

"मेलेला माणूस सही करतो?"

"करत नाही हो, मॅडम. करून ठेवलीय."

आणि त्याने पिशवीतून चेकबुक काढून, एखाद्या आईने बाळ दाखवावं तसं, काउंटरवर ठेवलं. मॅडमनी ते दोन बोटांनी उचललं, ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर बंद केला. खातं त्याच मिनिटाला गोठलं.

पुढची धावपळ काय सांगावी! नवा अध्यक्ष नोंदवायला कुलूपभाऊ संस्था-नोंदणीच्या कचेरीत गेला, तर म्हणाले चालू खात्याचा उतारा आणा. बँकेत गेला, तर म्हणाले नव्या अध्यक्षाची नोंद आणा. दुसऱ्या बँकेत गेला, तिथल्या पोराने तोंड भरून हसून सांगितलं, "काका, संस्थांची खाती आम्ही सध्या घेतच नाही. कटकट फार, फायदा काही नाही." तिसऱ्या बँकेत तर हसलेही नाहीत.

भट्टीवाल्याने आठवडाभर उधार पाव दिला, मग तोंड चुकवायला लागला. एके दुपारी वहिनीने पातेलं पालथं घातलं आणि रांगेला सांगितलं, "आता घरी जा, बाबांनो."

"घरी काय आहे, वहिनी?" एकाने विचारलं.

"मला काय माहीत? माझ्या घरात तरी काय आहे?"

रांग मोडली. आकडेवाला येऊन मोकळ्या खोलीत उभा राहिला, भिंतीशी ठेवलेल्या दादांच्या खुर्चीवर खुशाल बसला, आणि पळी नव्हती म्हणून बसून राहिला. नोंद करायला कोणीच आलं नाही, म्हणजे बेकार कोणीच उरलं नाही. आकडा असा घसरला की साहेबांचा वर सत्कार झाला.

"तुमचं बंद पडलं ते आमच्या पथ्यावर पडलं बघ, कुलूपभाऊ," आकडेवाला म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. खूश होता इतकंच. "तुझंही बघितलंय मी. बँकेला दारावर माणूस हवाय. नाही म्हणालास तर यादीतून नाव गेलंच, बेकारभत्ताही गेला."

"कुठली बँक?"

"तुझीच की!"

कुलूपभाऊने रात्रभर विचार केला असं कोणी म्हणेल, पण तसं काही नाही. तो लगेच हो म्हणाला. शिट्टी त्याच्याकडे होतीच.

मॅडमनी त्याला पाहिलं. "तुम्ही ते सहीवाले ना? बरं झालं. दारावर सही लागत नाही. घोळका आत सोडायचा नाही, एवढं लक्षात ठेवा."

पहिल्याच सोमवारी घोळका आला. पुढे वहिनी, हातात पळी, मागे खानावळीची अर्धी रांग. खात्यातला पैसा आमचा आहे, तोंडावर विचारू, म्हणून निघाले होते. दारात दीर दिसला, तसा वहिनीचा चेहरा उजळला.

"बरं झालं, भावजी, तुम्हीच आहात. सरा बाजूला."

"वहिनी, एकेकानं."

"एकेकानं? तुमच्या दादांना खांदा द्यायला एकेकानं आला होतात का?"

मागे कोणी हसलं नाही. आतून मॅडमचा आवाज आला, "कोणालाच नको. जाळी ओढा."

कुलूपभाऊने जाळी ओढली. वहिनीने झटकन फटीत पळी घातली. जाळी अडली.

"भावजी," ती हळूच म्हणाली, "त्यांनी हात थरथरत असताना सह्या केल्या हो."

कुलूपभाऊने पळी सोडवली, पुसली, आणि दांड्याकडून तिच्या हातात परत दिली. मग जाळी लावली, कुलूप घातलं, आणि सवयीप्रमाणे दोन्ही हातांनी हिसडून पाहिलं.

पक्कं लागलं होतं.