सुकाणूवर वहिनी

"हलू नका, उजेड चाललाय!" असं म्हणून आमचे सर एक डोळा मिटायचे, ब्रश उंच धरायचे. मग होडीत समोर बसलेल्याने श्वाससुद्धा बेतानेच घ्यायचा.

चांगी बिझनेस पार्कमध्ये ते आमचे मॅनेजर होते. आठवडाभर माणूस अगदी नाकासमोर चालणारा. शनिवारी मात्र ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनाऱ्यावर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हजर! चित्रांत शिडाच्या होड्या, फक्त होड्या. फ्रान्समधल्या कुणा जुन्या चित्रकाराने म्हणे होडीतच स्टुडिओ थाटला होता. झालं! यांनीही होडी चालवणं शिकून घेतलं. पोहणं मात्र होडीच्या परीक्षेपुरतं.

म्हणून वहिनींनी मला गळ घातली. "भाऊजी, सुकाणू तुम्ही धरत जा. ह्यांना पाण्याचा रंग दिसतो, पाणी दिसत नाही." त्या स्वतः पाण्याला इतक्या घाबरायच्या की वाळूच्या पुढे येत नसत.

मी सुकाणू धरायचो, ते मांडीवर फळी घेऊन भराभर रंग थापायचे.

"सर, तिकडे काळं दिसतंय, परत फिरू या."

"काळं कुठे? जांभळं आहे ते! नीट बघा हो."

सांगा आता, अशा माणसाला काय बोलणार!

एका शनिवारी मी ऑफिसात अडकलो. "आज जाऊ नका," असं बजावलं होतं. "छे हो, नाही जात," म्हणाले. दुपारी आभाळ एकदम फिरलं. इथे सुमात्राकडून वारा-पाऊस बघता बघता चालून येतो. तेवढ्यात वहिनींचा फोन.

"कुठवर आलात दोघं?"

"वहिनी, मी ऑफिसात आहे."

तसाच खाली धावलो.

टॅक्सीने पोचलो तर वहिनी चिंब भिजून घोटाभर पाण्यात उभ्या होत्या. रेस्क्यू बोट गेली होती, पावसात समुद्र दिसत नव्हता. "येतील ना हो?" त्या विचारत राहिल्या. "येतील," मी म्हणत राहिलो. खरं सांगतो, मला खात्री नव्हती.

आले. ब्लँकेटमध्ये, थरथरत. वादळाची गडद रेघ यांनी पाहिली होती. पण परत फिरायचं सोडून शीड उतरवून ती रेघच रंगवत बसले आणि होडी उलटली. वहिनींनी दंड धरून उतरवलं, पाठीत एक धपाटा घातला आणि ओक्साबोक्शी रडल्या. "घाबरलो गं," एवढंच ते म्हणाले.

मला वाटलं, आता होडी बंद, सुटलो. पण काही महिन्यांनी बघतो तर होडीत सुकाणूवर वहिनी! ड्रेसवर नारिंगी लाइफ जॅकेट, चेहरा पांढराफटक.

"अहो, तुम्ही कधी शिकलात?"

"रविवारी यायचे मी गुपचूप. सोडा म्हटलं असतं तर सोडलं असतं हो ह्यांनी. पण मग शनिवारी घरात नुसते भिंतीकडे बघत बसले असते."

होडीत तिसऱ्याला जागा नव्हती. वहिनींची नजर आभाळावर, सरांची पाण्यावर. होडी हळूहळू लहान होत गेली. मी किनाऱ्यावर उभा. इतके दिवस एकाची काळजी होती, आता दोघांची.