फ्लेक्सच्या मागची पाटी

मी असल्या गोष्टी मानत नाही. लातूरला एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते आणि या ग्रुपवरचे चमत्कारांचे किस्से चहासोबत वाचून खालच्या ‘बापरे’वाल्या कमेंट्सना हसते. आता हसायची पाळी तुमची. खुशाल हसा, पण पूर्ण वाचून.

माझी मावशी औशाला राहते. भूगोल शिकवायची, आता रिटायर. पन्नाशीनंतर गाडी शिकली आणि तेव्हापासून तिच्या लाल गाडीला दुसऱ्याचा हात लागू देत नाही. बाजार, मैत्रिणी, लातूरच्या चकरा... सगळं त्याच गाडीनं. पण हल्ली एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि ऑपरेशन आज-उद्या करत लांबलेलं. शेवटी पुण्याहून तिच्या मुलाचा मला फोन आला.

“ताई, तू एकदा तिच्या शेजारी बस. धोका वाटला तर किल्ली काढून घे. माझं ती ऐकत नाही.”

माझं ऐकेल असं याला का वाटावं, देव जाणे! पण हो म्हटलं. मावशीची गाडी बंद करायची म्हणजे तिचं निम्मं जगणं बंद करायचं, हे मला कळत होतं. रात्रभर वाईट वाटत राहिलं.

निमित्त मिळालं ते नांदेडच्या एका बारशाचं. डिसेंबरातली सकाळ, लख्ख ऊन. लातूर सोडलं, चाकूर गेलं. मावशी स्टिअरिंगवर आणि मी शेजारी, परीक्षक म्हणून.

आणि खरं सांगते, बाई गाडी काय सुरेख चालवते! आपल्याकडे हायवेवर चालवायची रीत म्हणजे हॉर्न, डिपर आणि वरच्यावर भरवसा. मावशी पाट्या वाचते. तेही मोठ्यानं, वर्गात नकाशा लावल्यासारखं.

“लाल काठाचा त्रिकोण दिसला की आधी ॲक्सिलरेटरवरनं पाय काढायचा. विचार मग करायचा,” ती सांगत होती. “हे बघ, जाड रेघ आपली. बारीक रेघ बाजूच्या रस्त्याची. म्हणजे फाट्यावरनं येणाऱ्यानं थांबायचं, आपण न्हाई. पण हे त्याला कुणी सांगितलंय का, ते आपल्याला कुठं माहीत हाय?”

“मग पाटी फाट्यावरच का नाही लावत? इतकी अलीकडे कशाला?”

“एवढ्या वेगातली गाडी काय ‘थांब’ म्हटल्यावर थांबती का गं? तुझ्या पोरांना काय शिकवतीस?”

पुढे एका पाटीवर दोन बारीक रेघा होत्या, पण समोरासमोर नव्हत्या. एक अलीकडे डावीकडून, दुसरी जरा पलीकडे उजवीकडून. मावशी म्हणाली, “इथं दोनदा घाबरायचं.” मी पोट धरून हसले. हिच्याकडून किल्ली मागायची माझी हिंमत हळूहळू संपत चालली होती.

अहमदपूर मागे पडलं. लोह्याच्या बऱ्याच अलीकडे रस्ता सरळसोट आहे, डाव्या बाजूला बाभळी. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे मावशीनं अचानक वेग कमी केला.

“काय झालं?”

“पाटी न्हाई का दिसली? डावीकडनं रस्ता मिळतोय. अन् त्यावर कुण्या मेल्यानं पिवळं स्टिकर चिकटवलंय बघ... बारीक रेघच झाकली!”

मी पाहिलं. तिथे पाटी नव्हती. होता तो कुण्या ‘भाऊं’च्या वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स, खांबाला तारेनं बांधलेला. भाऊंचे हात जोडलेले, खाली शुभेच्छुकांचे चेहरे. संपलं, हिचे डोळे गेले. पुढच्या चहाच्या टपरीवर किल्ली मागायची, मी मनात ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात बाभळीमागून उसाचा ट्रॅक्टर निघाला. दोन ट्रॉल्या, गाणं फुल्ल आवाजात, आणि ड्रायव्हरनं मान वळवून बघितलंसुद्धा नाही. सगळा रस्ता उसानं भरला. मावशीनं शांतपणे ब्रेक दाबला आणि आम्ही ट्रॉलीपासून चांगल्या अंतरावर थांबलो. आधीच्या वेगात असतो तर मी आज हे लिहायला नसते.

दोन्ही गाड्या कडेला लागल्या. ड्रायव्हर धावत आला.

“बाई, दिसलं न्हाई वो... लागलं न्हाई ना? इथं अलीकडं कुणी हळू होतच न्हाई. तुमी कशा काय झाल्या?”

“पाटी बघून,” मावशी म्हणाली.

“पाटी?” तो गोंधळला. “ती तर दिवाळीपासनं भाऊंच्या मागं हाय की.”

आम्ही तिघंही मागे चालत गेलो. मी फ्लेक्सचा कोपरा उचलला. आत त्रिकोण होता. जाड रेघ, आणि डावीकडची बारीक रेघ एका पिवळ्या स्टिकरखाली अर्धी झाकलेली. लातूरच्या मुलींच्या हॉस्टेलची जाहिरात. काळ्या अस्तराचा फ्लेक्स होता, मागे हात धरला तर माझी बोटंही दिसेनात. या पाट्या रस्ता चौपदरी झाल्यावरच्या, आणि तेव्हापासून मावशी नांदेडला निघाली ती त्या दिवशी पहिल्यांदा. नंतर तिच्या मुलालाही मी खोदून विचारलं. तोही तेच म्हणाला.

मावशीनं ड्रायव्हरला तार तोडायला सांगितली. “भाऊंचा हाय वो, काढता येत न्हाई,” तो चाचरला.

“औशाच्या बाईंनी काढायला लावला म्हणून सांग.”

त्यानं मुकाट कोयता आणला. फ्लेक्स खाली आला. मावशी मात्र त्या पडलेल्या फ्लेक्सकडेच बघत उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता. मग गाडीपाशी येऊन तिनं किल्ली माझ्या हातात ठेवली. मी ती अजून मागितलीही नव्हती!

“मावशी, अगं, तू आत्ता आपल्याला वाचवलंस...”

“मला पाटी स्वच्छ दिसली गं. पण हा एवढा मोठा फ्लेक्स मला दिसलाच न्हाई.” तिनं मागे फ्लेक्सकडे बोट दाखवलं. “रस्त्यावर जे हाय, ते ज्याला दिसत न्हाई, त्यानं गाडी चालवू नये. आता ऑपरेशन झाल्यावरच. चल, तू घे.”

ती पाटी तिला कशी दिसली, ते मला आजही सांगता येत नाही. शंभर तर्क करून बघितले, सगळे त्या पिवळ्या स्टिकरपाशी अडतात. पण दुसरं कुणी असतं तर त्या दिवसापासून स्वतःच्या दिव्य दृष्टीचे किस्से सांगत गाडी हाकत फिरलं असतं. मीही फिरले असते. माझी मावशी डाव्या सीटवर बसली, बेल्ट लावला आणि म्हणाली, “हळू घे. आरसा बघ.”