सुरभीचा डावा हात

विमलताईंचा सगळा जीव नातीत, आणि सगळा जाचही तिलाच. आर्णीजवळच्या त्यांच्या घरात शिस्त म्हणजे शिस्त; डाव्या हाताने घास घेतलेला त्यांना खपत नसे. आणि सुरभी तर पाळण्यात असल्यापासून खुळखुळा डाव्याच हातात धरायची. उजवी मूठ कायम मिटलेली, अंगठा आत.

"आई, एकदा डॉक्टरले दाखवू ना," सून शीला म्हणायची.

"कायले? डावखुरी हाय पोट्टी. मी लावतो वळण."

आणि लावलंच. सुरभी हाताने जेवू लागल्यावर विमलताई जुन्या लुगड्याच्या चिंधीने तिचा डावा हात बांधून ठेवत. उजव्यातून वरणभात सांडला की हट्टीपणा समजून चापट. असं दोन वर्षं चाललं.

शेवटी अंगणवाडीतल्या तपासणीतून त्यांना यवतमाळला पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी ती मूठ हळूच उघडून पाहिली.

"वर्षाच्या आतलं मूल असा एकच हात वापरत नाही. वापरलं तर तेव्हाच दाखवायचं असतं. हा हात चालवणाऱ्या मेंदूच्या भागाला जन्माच्या सुमारास इजा झालीय. सेरेब्रल पाल्सी. इजा जाणार नाही, पण सरावाने हात पुष्कळ कामाला लागेल. रोज थोडा वेळ, खेळताना, चांगल्या हातावर मोजा चढवा, म्हणजे उजवा हलेल. जबरदस्ती मात्र नको."

विमलताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे पोरीला जमतच नव्हतं, त्यासाठी त्यांनी तिला मारलं होतं.

घरी मोजा दिसला की सुरभी डावा हात पाठीमागे लपवायची, रडून घर डोक्यावर घ्यायची. उपाय हाताशी होता आणि त्याचीच धास्ती विमलताईंनी पोरीच्या मनात भरून ठेवली होती.

एका दुपारी तुरीच्या शेंगा टोपलीत भरताना त्यांनी एक मोजा स्वतःच्याच उजव्या हातावर चढवला. डाव्याने भरू लागल्या तर निम्म्या शेंगा बाहेर. सुरभी खिदळली, जवळ सरकली. थोड्या वेळाने डावा हात पुढे करून म्हणाली, "मले पण."

दुसरा मोजा चढला. उजव्या हाताने तिने कशीबशी एक शेंग उचलली, टोपलीपर्यंत आली आणि निसटली. सुरभीने लगेच डोळे गच्च मिटले आणि चापट चुकवायला गाल वळवला.

विमलताईंनी आपल्या हातातली शेंग तशीच सोडून दिली.

"डोये उघड माय," त्या म्हणाल्या. "पाह्य, माह्या हातचीबी पडली."